आधी बांधणं, मग चालणं

स्लॅकलाइनवर पहिल्यांदा पाय ठेवला की तो थरथरतो. कुणाचाही असो. कबड्डीपटूचा थरथरतो, सराईत गिर्यारोहकाचा थरथरतो, आयुष्यभर भरतनाट्यम केलेल्या एका बाईंचा पायही मी असाच थरथरताना पाहिला आहे. गुडघ्याखालचा भाग डावी-उजवीकडे इतक्या झपाट्याने हलू लागतो की पट्टीचा थडथड आवाज येतो, आणि माणूस घाईघाईने खाली उतरून म्हणतो, "ताई, तुमची लाइन फार हलते हो." मग मी त्यांना नुसती लाइन बघायला सांगते. दोन झाडांमध्ये ताणलेली रिकामी पट्टी अगदी स्तब्ध असते.

हलतो तो पाय. पट्टी किंचित डावीकडे सरकली की घोट्याभोवतीचे स्नायू तिला सावरायला उजवीकडे झटका देतात. तो झटका गरजेपेक्षा मोठा असतो, म्हणून पट्टी उजवीकडे जाते, मग पुन्हा उलटा झटका. हा सगळा व्यवहार मेंदूला न विचारता मज्जारज्जूच्या पातळीवरच उरकतो. त्यामुळे "पाय हलवू नको" असं कितीही ओरडलं तरी उपयोग नसतो. सरावाने मात्र ही प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते. स्लॅकलाइन शिकणाऱ्यांवर केलेल्या प्रयोगांत ते मोजूनही दिसलं आहे. मला हे शास्त्र पुष्कळ उशिरा वाचायला मिळालं. त्याच्या आधीच कळून चुकलं होतं, की इथे जोर लावून काही साधत नाही. रोज थोडा वेळ चढायचं, दमण्याआधी थांबायचं आणि रात्री नीट झोपायचं. दुसऱ्या दिवशी तोच पाय आदल्या दिवसापेक्षा शांत असतो. का, ते त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

मी या खेळाकडे आले ती गुडघ्यापायी. सह्याद्रीतल्या एका उतरणीवर पाय वाकडा पडला आणि अस्थिबंध दुखावला. बरं होता होता फिजिओथेरपिस्टने एका पायावर उभं राहण्याचे व्यायाम दिले. भिंतीकडे तोंड करून ते करण्यात जीव रमत नव्हता. त्या सुमारास आमच्या गिर्यारोहण मंडळातल्या एकाने परदेशातून एक पट्टी आणली होती. रविवारी सकाळी पुण्यातल्या एका मोकळ्या मैदानाच्या कडेला, दोन चिंचांमध्ये तो ती बांधायचा. गुडघा पुरता बरा झाल्यावर, डॉक्टरांना विचारूनच, मी तिच्यावर उभी राहिले. तेव्हापासून आतापर्यंत या पट्टीने मला सोडलेलं नाही. आधी स्वतः शिकले, मग सोबतच्यांना शिकवलं, पुढे शाळांच्या शिबिरांत मुलांना शिकवू लागले आणि मधल्या वर्षांत दऱ्यांवर लावलेल्या लाइनीही चालले.

ही पट्टी मुळात गिर्यारोहकांचीच आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीत कॅम्प फोर नावाचा तळ आहे. कड्यांवर चढायला आलेली मंडळी चढाई नसेल त्या दिवशी तिथल्या साखळ्यांवर आणि दोरांवर तोल सांभाळत चालायची. 1970च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅडम ग्रोसोव्स्की आणि जेफ एलिंग्टन या दोन तरुणांनी चढाईसाठी वापरतात ती नायलॉनची चपटी पट्टी ताणून तिच्यावर चालायला सुरुवात केली. 1985 मध्ये स्कॉट बाल्कम हा गिर्यारोहक योसेमिटीतल्या लॉस्ट अ‍ॅरो सुळक्यापर्यंत बांधलेली पट्टी चालून गेला, तिथून हायलाइन, म्हणजे दरीवरची लाइन, हा प्रकार रुजला. 2007 नंतर एका जर्मन कंपनीने 50 मिलिमीटर रुंदीची पट्टी आणि तिला ताणणारं रॅचेट असा तयार संच बाजारात आणला आणि गिर्यारोहणाशी काही संबंध नसलेले लोकही बागेत लाइन लावू लागले. आपल्याकडे आज बहुतेकांची पहिली ओळख होते ती याच संचाशी.

संच वाईट नाही. नवख्यासाठी रुंद पट्टी बरी; ती पायाखाली फारशी वळत नाही. 25 मिलिमीटरची पट्टी पुढे लांब पल्ल्यासाठी आणि दऱ्यांवर वापरतात. नायलॉन जास्त ताणतं, त्यामुळे झोके घेत उसळायला त्याची मजा. पॉलिएस्टर कमी ताणतं आणि लांब लाइनला तेच सोयीचं. हे सगळं दुकानदारही सांगतो. दुकानदार सांगत नाही ती गोष्ट म्हणजे ताण. ताणाचा हिशेब ज्याला समजला नाही त्याने लाइन लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हिशेब आठवीतल्या मुलालाही जमेल असा आहे. 20 मीटरची लाइन आहे, मध्यभागी 60 किलो वजनाचं माणूस उभं आहे आणि लाइन त्या जागी 1 मीटर खाली आली आहे, असं धरा. प्रत्येक टोकाला साधारण 300 किलोंची ओढ बसते. आता लाइन आणखी घट्ट करून तोच झोळ अर्धा मीटर केला, तर ओढ 600 किलोंवर जाते. माणूस तेच, वजन तेच. वर कुणी उड्या मारू लागला तर आकडा आणखी चढतो. नवा माणूस लाइन घट्ट करत सुटतो, कारण घट्ट लाइन त्याला भक्कम वाटते. प्रत्यक्षात तो झाडाच्या, पट्टीच्या आणि कड्यांच्या अंगावर ओझं चढवत असतो. शिबिरात मी हा हिशेब जमिनीवर काठीने काढून दाखवते. मुलं आधी हसतात, मग वाकून रॅचेट पाहू लागतात.

रॅचेट पाहायलाच हवं. एका कार्यक्रमात मला बोलावलं होतं, पण लाइन आयोजकांनी आधीच लावून ठेवली होती. भरपूर ताणलेली. उतरवायच्या वेळी रॅचेटचा खटका अडकला. एक मुलगा तो सोडवायला दगड घेऊन बसला आणि खटका एकदम सुटल्यावर दांडा उलटून त्या मुलाच्या बोटांवर आदळला. हाड मोडलं नाही, पण नख गेलं आणि महिनाभर हात बांधलेला होता. ताणलेल्या पट्टीत किती शक्ती साठलेली असते ते डोळ्यांना दिसत नाही. पट्टी शांतच दिसते. त्यानंतर मी रॅचेटवर कापड गुंडाळल्याशिवाय ताण देत नाही, दांड्याच्या रेषेत कुणाला उभं राहू देत नाही आणि ताण सोडताना मुलांना पट्टीपासून बाजूला करते. लाइन जरा लांब झाली की रॅचेट सोडून पुली वापरते. पुलीचा ताण हळूहळू सोडता येतो.

झाडांवरून मला पुष्कळदा बोलणी खावी लागली आहेत. सकाळी फिरायला येणारे आजोबा थांबतात आणि विचारतात, "झाडाला त्रास नाही का होत?" मला या प्रश्नाचा कधी राग आला नाही, कारण त्रास होतो. नुसती पट्टी खोडाला गुंडाळली तर ती सालीवर घासते आणि सालीखालचा जिवंत थर चेचला जातो. त्या थरातूनच खोड जाड होतं. म्हणून खोडाभोवती पूर्ण वेढा बसेल असं जाड गोणपाट किंवा जुनं कार्पेट आधी लावायचं आणि त्यावर रुंद स्लिंग. झाडाचा घेर बघायचा. माणसाच्या मांडीएवढ्या खोडाला हातही लावायचा नाही. खोड निदान फूटभर जाड तरी हवं, पट्टी लांब असेल तर त्याहून जास्त. झाडाची जातही बघायची. चिंच, आंबा, कडुलिंब चालतात. गुलमोहर मी कधीच घेत नाही: लाकूड ठिसूळ, मुळं वरवर पसरलेली, आणि पावसाळ्यात पुण्या-मुंबईत उन्मळून पडणाऱ्या झाडांत तो असतोच. शेवगा तर विचारूच नका. पावसाळ्यात, मुळांभोवतीची माती भिजून ढिली झाली असताना, मी कुठल्याच झाडाला लाइन बांधत नाही. ते चार महिने आम्ही लाकडी ओंडक्यांवर तोल साधतो, दोर धुतो आणि गाठी घोकतो.

स्लिंग कुठून आणायच्या? क्रेनने माल उचलायला वापरतात त्या गोल स्लिंग पुण्यात बोहरी आळीत मिळतात, मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर. जांभळी 1 टनाची, हिरवी 2 टनांची, पिवळी 3 टनांची, रंगावरूनच ओळखायची. वर शिवलेलं लेबल असतं. ते फाटलेलं असेल तर स्लिंग घ्यायची नाही, कितीही स्वस्त मिळो. टोकांच्या जोडणीला पोलादी शॅकल किंवा पोलादी कॅराबिनर. चढाईतले अ‍ॅल्युमिनियमचे कॅराबिनर हलके असतात आणि अनेकांकडे ते आधीच असतात, म्हणून सर्रास वापरले जातात. त्यांच्यावर कोरलेले आकडे वाचले पाहिजेत. लांबीच्या दिशेने 20 ते 25 किलोन्यूटन, आडव्या दिशेने साधारण 7 किंवा 8. रुंद स्लिंग आत बसली की ओढ तिरकी आणि आडवी पडते आणि वरचा मोठा आकडा कामाचा उरत नाही. ट्रकवरचा माल बांधायचा, उन्हात वाळून पांढरा पडलेला पट्टा घेऊन एक तरुण आला होता. पट्टा दोन बोटांत धरून मुडपला तर घडीवर धागे तुटत होते. ऊन नायलॉनला आतून खातं. आमच्या पट्ट्या आम्ही उतरवल्या की लगेच पिशवीत घालतो आणि पिशवी घरात उंचावर टांगतो, कारण पुण्यातल्या जुन्या घरांतले उंदीर पट्टी कुरतडतात.

जत्रेच्या दिवसांत एका गावच्या माळावर आम्ही शाळेच्या मुलांसाठी लाइन लावली होती. त्याच जत्रेला एक डोंबारी कुटुंब आलं होतं. त्यांचा खेळ आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिला आहे: बांबूंच्या दोन कैच्या, त्यांवर ताठ दोर, ढोलाचा ठेका आणि हातात लांब काठी घेऊन दोरावरून जाणारी पोर. त्या कुटुंबातले एक म्हातारे गृहस्थ दुपारी आमच्याकडे आले. सगळी गर्दी लाइनच्या मध्याशी, चालणाऱ्या मुलाभोवती होती. हे तिकडे गेलेच नाहीत. ते थेट झाडाशी गेले, स्लिंगवर तळहात टेकवला, गोणपाट कुठे सरकलं आहे का ते चाचपलं, शॅकलची खिट्टी बोटाने फिरवून पाहिली. मग दुसऱ्या झाडाशी जाऊन तेच केलं. नंतर मध्यावर येऊन पट्टी तळव्याने दाबली आणि म्हणाले, "ढिली ठिवता व्हय? आमचा दोर ढिला चालत न्हाई." त्यांचा दोर जवळजवळ हलत नाही, त्यावर काठीच्या वजनाने तोल राखतात. आमची पट्टी खाली-वर आणि आडवी हलते आणि चालणाऱ्याला तिच्याबरोबर हलावं लागतं. मी समजावून सांगितलं, त्यांनी मान डोलावली. पण माझ्या मनात राहिलं ते त्यांचं आधी झाडाशी जाणं. ज्याच्या घरातली लेकरं दोरावर चढतात तो आधी खुंट बघतो.

त्या दिवसापासून मी शिकवण्याची रीत बदलली. आधी चालायला शिकवायचे आणि बांधायचं काम आम्ही मोठे उरकायचो. आता पहिल्या सकाळी कुणी लाइनवर चढत नाही. पहिल्या सकाळी झाड निवडायचं, गोणपाट लावायचं, पट्टीला पीळ पडला नाही ना ते टोकापासून टोकापर्यंत हात फिरवून बघायचं, ताण द्यायचा, सोडायचा, पुन्हा द्यायचा. एका शिबिरात बारा वर्षांचा एक मुलगा होता, उपजत तोलाचा. दुसऱ्याच दिवशी अर्धी लाइन पार करू लागला. बांधायच्या वेळी मात्र गायब. मी नियम केला की जो लाइन उतरवायला थांबणार नाही त्याला दुसऱ्या दिवशी लाइन नाही. त्याच्या घरून नाराजीचा फोन आला. त्याला पदकं मिळू शकतात, त्याचा वेळ गाठींत कशाला घालवता, असं म्हणणं होतं. नियम मी बदलला नाही. मुलगा दोन दिवस रुसला आणि तिसऱ्या दिवशी आला. आज तो आमच्या गटात सगळ्यात काटेकोर लाइन लावतो.

त्याच शिबिरात बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. नातवाला सोडायला यायचे आणि बाकावर बसायचे. एक दिवस म्हणाले, "मला जमेल का?" आम्ही लाइन जमिनीपासून वीतभर उंचीवर घेतली, दोन्ही बाजूंना माणसं उभी केली. काका खांद्यांवर हात ठेवून उभे राहायचे, क्वचित एक-दोन पावलं टाकायचे. पूर्ण लाइन ते कधीच चालले नाहीत, तसा त्यांचा आग्रहही नव्हता. त्यांना गोडी लागली ती जुळणीची. बँकेतल्या माणसाची शिस्त. त्यांनी एक वही केली. प्रत्येक पट्टी कधी घेतली, किती वेळा उन्हात लागली, कुठे घासली, कुठली शिवण उसवायला आली. त्या वहीमुळे आम्ही एक चांगली दिसणारी पट्टी वेळेत बाद केली. चालता न येणारा माणूसही या खेळात मोलाचा असतो, हे मी त्यांच्यामुळे उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

चालण्याबद्दल सांगण्यासारखं तसं थोडंच आहे. अनवाणी चढावं. 8-10 मीटरची लाइन, गुडघ्याच्या खाली, खाली गवत किंवा माती. फरशी किंवा दगड नको. पाय पट्टीच्या रेषेत, गुडघे सैल, हात खांद्यांच्या वर मोकळे. नजर समोरच्या झाडावर बांधलेल्या स्लिंगवर. पायाकडे पाहिलं की गेलात, कारण पाय हलतो आणि डोळे त्या हलण्याच्या मागे जातात. आधी एका पायावर दहा श्वास, मग दुसऱ्या पायावर. चालायची घाई नको. आणि श्वास सोडायचा. नवखी माणसं श्वास रोखून धरतात आणि छातीपासून खांद्यापर्यंत आखडून जातात. पडायची वेळ आली तर ओढून-ताणून सावरायचं नाही, दोन्ही पायांवर बाजूला उतरायचं. लाइनला धरून पडणाऱ्यांचे खांदे निखळतात.

आणि लाइन सोडून कुणी चहाला जायचं नाही. ही ताकीद मी सगळ्यांत कठोरपणे देते. पहाटेच्या धूसर उजेडात ताणलेली पट्टी सायकलस्वाराला दिसत नाही. आम्ही दर दोन हातांवर रंगीत फडकी बांधतो आणि एक माणूस कायम पहाऱ्याला ठेवतो.

दरीवरची लाइन हा वेगळा प्रांत. तिच्याबद्दल मुलं सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. सह्याद्रीचा कातळ थराथरांचा आहे. काही थर भरीव, काहींत गारांचे पुंजके, आणि मधेच तांबडा मातकट थर, जो नखाने खरवडला तरी निघतो. अँकरसाठी जागा शोधताना हातोडीने ठोकत जायचं. भरीव कातळ खणखणतो, आत पोकळ असेल तर आवाज बद्द येतो. एकाच बोल्टवर भिस्त ठेवायची नाही, अनेक बोल्टवर ओढ सारखी वाटून द्यायची. पावसाळा सरला की प्रत्येक बोल्ट नव्याने तपासायचा, कारण घाटमाथ्यावरचा चार महिन्यांचा दमटपणा साध्या लोखंडाला सोडत नाही. मुख्य पट्टीखाली बॅकअपची दुसरी पट्टी ढिली सोडायची, जागोजागी चिकटपट्टीने वरच्या पट्टीला बांधायची. दोन्ही पट्ट्या धातूच्या कड्यांतून ओवलेल्या असतात, कड्यांना लीश, म्हणजे पडल्यावर झेलणारा दोर, आणि लीशचं दुसरं टोक हार्नेसमध्ये फिगर-एटच्या गाठीने थेट ओवून बांधायचं. तिथे कॅराबिनर नाही. गाठ स्वतः बघायची, मग सोबत्याला दाखवायची, मगच कड्याची धार सोडायची.

आग्या मोहोळ असलेल्या कड्यावर लाइन लावायची नाही, मग बाकी जागा कितीही सुंदर असो. हे मी कुणाशीही वाद न घालता पाळते. वाऱ्याचंही तसंच. कोकणाकडे तोंड असलेल्या कड्यांवर दुपार झाली की खालून वारा चढतो, पट्टी गुणगुणू लागते आणि मग फडफडते. पट्टीला मुद्दाम दोन-चार पीळ दिले तर फडफड कमी होते, पण वळवाच्या ढगांची चाहूल लागली की सगळं गुंडाळायचं.

खंडाळ्याजवळच्या एका कड्यावर मी पहिल्यांदा दरीवरच्या लाइनवर सरकले तेव्हा ज्या पायांनी मैदानातली त्याहून लांब लाइन सहज पार केली होती, ते उभेच राहीनात. पायाखाली जमीन नसली की डोळ्यांना जवळचं काही धरायला सापडत नाही. समोर दूरवरचा डोंगर, खाली झाडांचे शेंडे, आणि या सगळ्यावर हलणारी एक पट्टी. कड्यावरून ओरडून धीर देणारे बरेच होते. आमच्यातल्या सगळ्यात अनुभवी बाईंनी मात्र सगळ्यांना गप्प केलं आणि मला सांगितलं, "चालू नकोस. आधी मुद्दाम पड." मी बसल्या जागेवरून बाजूला कलले. पोटात गोळा आला, मग लीशने झेललं, आणि मी लाइनखाली हातभर अंतरावर लोंबकळत होते. कड्यांचा खळखळाट थांबला. वर पाहिलं तर लीश, कड्या, दोन्ही पट्ट्या, आणि पलीकडे सकाळी मीच बांधलेला अँकर. त्या प्रत्येक जोडावर माझा हात फिरला होता. लीश धरून, एक टाच पट्टीवर अडकवून पुन्हा वर चढले. पाय अजून थरथरत होते, पण आता ते मैदानातल्यासारखे थरथरत होते, आणि तेवढं मला सांभाळता येत होतं.

भीती घालवायची असते, असं लोक म्हणतात. माझी गेलेली नाही आणि ती जावी अशी माझी इच्छाही नाही. गाठ तपासली नसेल तर पोटात जे कालवतं, ते खरं असतं आणि त्याचं ऐकायचं असतं. गाठ तपासली असेल, सोबत्याने पाहिली असेल, अँकर स्वतः बांधला असेल, आणि तरीही कालवत असेल, तर त्यावर श्वास सोडत पुढचं पाऊल टाकता येतं. या दोन भीतींतला फरक कळायला मला कितीतरी हंगाम लागले. लीशशिवाय दरीवर चालणाऱ्यांच्या चित्रफिती मुलं मला दाखवतात. त्यांना मी एवढंच सांगते, की आमच्या गटात ते होणार नाही.

2024 च्या जुलैमध्ये यान रूझ हा एस्टोनियाचा खेळाडू इटलीतल्या मेसिनाच्या सामुद्रधुनीवर ताणलेल्या, साडेतीन किलोमीटरहून लांब लाइनवर चालला. दुसरा किनारा अगदी हाताशी आलेला असताना तो पडला. लीशने झेललं, तो पुन्हा वर चढला आणि राहिलेलं अंतर पूर्ण केलं. न पडता पार झाली नाही म्हणून विक्रम धरला गेला नाही. हा प्रसंग मी मुलांना सांगते तेव्हा त्यांचं लक्ष पडण्याकडे असतं. मला त्यांचं लक्ष वेधायचं असतं ते वाऱ्यात समुद्रावर ती पट्टी ताणणाऱ्या, तिच्या दोन्ही टोकांना उभ्या असलेल्या माणसांकडे. त्यांनी नीट बांधलं म्हणून पडणं ही नुसती एक नोंद राहिली.

आता एक मागणं. झाडांवरचा भार टाळता येईल. युरोपात अनेक बागांत स्लॅकलाइनसाठी कायमचे खांब रोवलेले असतात. आपल्याकडे शाळांच्या मैदानांत मल्लखांब पुरायची रीत आहेच. त्याच्याच शेजारी 10 मीटर अंतरावर असे दोन पोलादी खांब उभे करायला फार मोठा खर्च नाही. ओढ आडवी असते, म्हणून पाया मात्र स्थापत्य अभियंत्याकडून नीट काढून घ्यावा आणि पट्टी गुडघ्याच्या वर बांधता येणार नाही अशाच उंचीवर कडी ठेवावी. मुख्याध्यापकांनी, नगरसेवकांनी, ज्येष्ठ नागरिक संघांनी याचा विचार करावा. खांब उभे राहिले तर मुलांना आणि त्यांच्या आजी-आजोबांना पट्टी बांधायला शिकवण्यासाठी आमच्या गटातली माणसं येतील, एक पैसाही न घेता.